आजी बाळंतपणाला गोव्यात गेली, आणि नातवाला लिस्बन दिसायला लागलं

कोल्हापुरातून निघून आजऱ्यावरून आंबोली घाट उतरला की काही तासांत गोवा. आपण शनिवार-रविवारी सहज जाऊन येतो. पण 19 डिसेंबर 1961 पर्यंत याच वाटेवर दुसऱ्या देशाची हद्द लागायची. गोवा पोर्तुगालचा होता, तोही 1510 पासून.

हद्द होती, पण माणसं कधी थांबली नाहीत. केरीच्या केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापुरात आल्या आणि इथं गाणं शिकल्या. मास्टर दीनानाथांचा जन्म 1900 सालचा, मंगेशीचा. ते गेल्यावर त्यांच्या मुलांची काही वर्षं कोल्हापुरात गेली. आणि लग्नं तर होतच होती. पेडणे-डिचोलीकडच्या मुली अलीकडे सुना म्हणून यायच्या आणि पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी जायच्या. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की परत सासरी. आता बघा, ते पोर वाढलं इकडे, शाळा इकडे, शेती इकडे. पण जन्मगाव कागदावर कुठलं? पोर्तुगीज हद्दीतलं.

या एका ओळीवर पुढे दोन देशांनी हक्क सांगितला.

पहिला भारताने. गोवा मुक्त झाल्यावर तिथल्या लाखो लोकांचं नागरिकत्व काय, हा प्रश्न होता. 28 मार्च 1962 ला केंद्राने एक आदेश काढला. 20 डिसेंबर 1961 च्या आधी तुम्ही स्वतः, तुमचे आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणीही गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलं असेल, तर तुम्ही भारतीय. अर्ज नाही, काही नाही. ज्याला पोर्तुगीजच राहायचंय त्याने महिन्याभरात लेखी कळवायचं.

काहींनी कळवलं. कांदोळीचे फादर मोंतेरो त्यातले एक. मग सरकार म्हणालं, तुम्ही आता परदेशी, राहायचं तर परवाना घ्या. मुदत संपल्यावर त्यांनी तो वाढवून घेतला नाही, खटला झाला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, म्हणून मला जिनिव्हा कराराचं संरक्षण आहे, असा त्यांचा मुद्दा. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला : गोवा आता भारतात विलीन झालाय, व्यापलेला उरलेला नाही. ज्या गावात माणूस राहतो तिथंच राहायला परवाना लागतो, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्यांनी निवड केली होती आणि कायद्याने ती शब्दशः घेतली.

दुसरा हक्क पोर्तुगालचा. 1961 नंतर तेरा वर्षं लिस्बनने गोवा गेल्याचं मान्यच केलं नाही. एप्रिल 1974 मध्ये तिथली हुकूमशाही पडली, आणि 31 डिसेंबर 1974 च्या करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व कबूल केलं. जमीन सोडली, पण तिथं जन्मलेल्या माणसांना नागरिक मानणं सोडलं नाही. 1981 च्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीजांच्या मुलांनाही नोंद करून हक्क घेता येतो. म्हणजे आधी वडिलांचा किंवा आईचा गोव्यातला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग मुलाचा. साखळी जोडत जायची.

ही साखळी तुटते कुठं? जुन्या वहीत. नोंद पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेली. त्या लिपीत शंकर 'एक्स'ने सुरू होतो आणि नाईकच्या शेवटी 'क्यू-यू-ई' लागतं. आपल्या आधारवर भलतंच स्पेलिंग. दोन्ही एकच माणूस, हे सिद्ध करण्यात महिने जातात. आणि आजीच्या बाळंतपणाची नोंद कुणी केलीच नसेल, तर सगळ्या घराला ठाऊक असलेली गोष्टही कागदावर शून्य.

1986 पर्यंत हे सगळं तसं हौसेचं होतं. त्या वर्षी पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि पुढे त्याच्या पासपोर्टवर अख्ख्या युरोपात राहायची, काम करायची मुभा आली. गोव्याची पोरं लिस्बनला थांबली नाहीत, थेट इंग्लंडला गेली. स्विंडन शहरात गोंयकारांची मोठी वस्ती झाली. ब्रेक्झिटने ते दार 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं. आधीपासून तिथं राहणाऱ्यांना हक्क टिकवायला अर्ज करावा लागला. आयर्लंड, जर्मनी, फ्रान्सचं दार मात्र उघडं आहे.

आता किंमत बोलू, कारण एजंट लोक ती शेवटी सांगतात. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या कायद्याचं नववं कलम म्हणतं, स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व गेलं. नुसती लिस्बनला जन्मनोंद केली तर ते 'घेतलं' म्हणायचं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं भांडण चाललंय. बऱ्याच जणांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले, आणि पासपोर्ट परत केल्याचा दाखला हातात नसल्याने ओसीआय कार्डही अडलं. 2024 मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेशही चालेल असं ठरवलं, तेव्हा थोडी सुटका झाली.

पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, निवडणूक नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारशाने आली तर ठेवता येते. म्हणजे बांधाला लागून असलेली चुलत्याची चार गुंठे विकायला निघाली, तर जर्मनीतला पोरगा पैसे असूनही ती स्वतःच्या नावावर घेऊ शकत नाही. घरात हा विषय निघालाच, तर पासपोर्टच्या आधी सातबारा काढून बघा, आणि आजी असेल तर तिला विचारा, पहिलं बाळंतपण नेमकं कुठल्या गावात झालं.