उमरेड : 1867 साली नगरपालिका झालेले विणकरांचे गाव

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे 45 किलोमीटरवर, आमनदीच्या काठी उमरेड वसले आहे. आज हे नाव कोळसा आणि वाघ यांच्या संदर्भात ऐकू येते. एकेकाळी मात्र ते धोतराच्या रेशमी काठावरून ओळखले जाई.

गावाच्या नावाचा संबंध उंबराच्या झाडाशी जोडला जातो. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमधील परंपरेनुसार, चिमूरच्या मुनाजी पंडित यांनी देवगडच्या बख्त बुलंदाकडून सनद मिळवून ही ओसाड जमीन लागवडीस आणली. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. गावातला जुना किल्ला त्याच मराठा काळाची खूण.

1854 मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि तेरा वर्षांनी, 1867 मध्ये, उमरेडला नगरपालिका मिळाली. हे वर्ष ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरात पोहोचला तोही 1867 सालीच. कापूस बाहेर नेणारी तीच आगगाडी परतताना मँचेस्टरचे स्वस्त कापड घेऊन येऊ लागली. 1877 मध्ये तर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल खुद्द नागपुरात उभी राहिली. हातमागाचे गाव आणि यंत्रमागाची गिरणी यांच्यात जेमतेम 45 किलोमीटरचे अंतर!

येथे पाठ्यपुस्तकी इतिहास ‘हातमाग बुडाला’ असे म्हणून पुढे सरकतो. उमरेडची हकीकत इतकी सरळ नाही. गिरणीने मार खाल्ला तो साध्या कापडापुढे नव्हे, काठापुढे. सुती अंगाला रेशमी काठ जोडायचा, तोही गिऱ्हाइकाच्या पसंतीचा आणि मोजक्या नगांचा, हे काम एकाच नमुन्याचे शेकडो वार विणणाऱ्या गिरणीला परवडणारे नव्हते. कोष्टी विणकरांनी नेमकी तीच जागा धरून ठेवली. 1901 च्या जनगणनेत उमरेडची लोकसंख्या 15,943 भरली. रेशीमकाठी सुती वस्त्रे हाच तेव्हाही गावाचा मुख्य धंदा होता. अर्थात तगून राहणे म्हणजे सुखात राहणे नव्हे. सूत गिरणीचे, रेशीम बाहेरचे आणि भांडवल सावकाराचे. विणकराच्या मालकीचे उरले ते त्याचे हात.

1908 मध्ये नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडी उमरेडवरून धावू लागली. स्वातंत्र्यानंतर याच परिसरात कोळशाच्या उघड्या खाणी खोदल्या गेल्या, त्या पुढे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. महिन्याच्या पगाराची नोकरी दारात आल्यावर मागावर बसायला विणकराच्या मुलाला कोणते कारण उरले असेल? 2012 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले आणि पर्यटकांची वाहने येऊ लागली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 54 हजारांच्या घरात होती. नॅरोगेज गाडी नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी थांबली. नगरपालिका मात्र 1867 पासून तीच आहे.