मिठाचा पहारा

पन्हाळ्याला गेलेला प्रत्येकजण तीन दरवाजापाशी फोटो काढतो. तिथून जवळच अंधार बाव आहे. काही जण तिला शृंगार बाव म्हणतात. काळ्या दगडातली ही तीन मजली इमारत बाहेरून विहीर वाटतच नाही. पाणी अगदी तळाच्या मजल्यावर आहे. मधल्या मजल्यातून तटाबाहेर निसटायला चोरवाट आहे आणि वर शिबंदी राहायची. आपण आत शिरतो, थंड हवा लागते, मोबाइलचा टॉर्च लावतो, खाली डोकावतो आणि बाहेर येतो. एका विहिरीला तीन मजले कशाला, हा प्रश्न मात्र बहुतेकांना पडत नाही.

त्याचं उत्तर साधं आहे. किल्ला जिंकायला तोफ लागतेच असं नाही, पाण्यात विष कालवलं तरी पुरतं. म्हणून आदिलशाहीत पाण्याभोवती इमारत उभी राहिली आणि वर पहारा बसला. हा पहारा दाराचा नव्हता, खजिन्याचाही नव्हता. तो पाण्याचा होता.

ही गोष्ट त्याच पहाऱ्याची आहे. पुढे पाण्याचा शत्रू बदलला आणि पहारेकरीही बदलला. आज हे काम मीठ करतं.

राजधानीचं पाणी

२ मार्च १६६० च्या सुमारास सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले. पुढची बाजीप्रभूंची आणि शिवा काशिदांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्याआधीचे चार महिने गडावरची माणसं रोज पाणी पीत होती आणि त्यातले तीन महिने उन्हाळ्याचे होते. अंबरखान्यातलं धान्य आपल्याला दिसतं, कारण गंगा, यमुना, सरस्वती ही त्याची कोठारं अजून उभी आहेत. पाणी पिऊन संपतं, त्यामुळे त्याचा इतिहास सांगायचा राहून जातो.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नजरेतून मात्र तो सुटला नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त त्यांनी गडांवर एक प्रकरण लिहिलं. पन्हाळा तेव्हा या गादीची राजधानी होता. त्या प्रकरणाचा मथितार्थ असा: गड बांधण्याआधी पाणी बघा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. वेगळी टाकी बांधून राखीव पाणी ठेवा, ते एरवी खर्चू नका, आणि जे पाणी आहे ते जपा. तोफांच्या आवाजाने झरा आटतो का, यावर वाद घाला हवा तर. पण एकाच स्रोतावर विसंबू नये आणि साठ्यावर लक्ष ठेवावं, हे आजचा पाणीपुरवठा अभियंताही वेगळ्या शब्दांत सांगेल.

मीठ घाट चढून येतं

आता मिठाकडे येऊ. देशावर मीठ पिकत नाही. ते कोकणातल्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचं. त्यामुळे घाटांवर नजर ठेवणाऱ्या गडांना मिठाचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको होतं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडत होतं आणि व्यापारी तिकडे वळले तर आपल्या मुलखातली मिठागरं बसणार होती. उपाय म्हणून बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं गेलं.

इंग्रजांनी कर उलटा, आपल्याच माणसांवर लादला. १८८२ च्या कायद्याने मिठावर सरकारी मक्तेदारी आली. मे १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला सत्याग्रही मिठागरांत उतरले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. मूठभर मिठासाठी माणसं का झुंजली हे आपण शाळेत शिकलो. त्याच मिठात पाणी राखणारं रसायन दडलेलं आहे, हे शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला वेगळं शिकलो आणि दोन्ही धडे कधी जोडले नाहीत.

मिठातून क्लोरीन

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. १७७४ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू वेगळा केला. १८१० मध्ये डेव्हीने ते मूलद्रव्य असल्याचं सांगून त्याला नाव दिलं. दरम्यान १७९९ मध्ये टेनंटने चुन्यात क्लोरीन मुरवून ब्लीचिंग पावडर केली, ती कापड पांढरं करण्यासाठी. १८०० मध्ये व्होल्टाची बॅटरी आली आणि त्याच वर्षी क्रूकशँकने मिठाच्या पाण्यातून वीज सोडली. एका टोकाला क्लोरीन सुटला, दुसऱ्या टोकाला हायड्रोजन, आणि पाण्यात राहिला कॉस्टिक सोडा. आजच्या पोहण्याच्या टँकमागची अख्खी युक्ती ही एवढीच.

पण पाण्यात अदृश्य शत्रू असतो हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. पटकी यायची, गावं ओस पडायची, लोक मरीआईचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडायचे. १८८३-८४ मध्ये कॉखने इजिप्त आणि कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला, आणि अंधार बावेवरच्या पहाऱ्याला पहिल्यांदा खरा शत्रू दिसला. हा शत्रू रात्री तट चढून येत नाही. तो पोहऱ्यातून, पावसाच्या लोटातून, धुतल्या कपड्यांतून येतो.

१८९० च्या दशकात आग्र्याच्या हॅन्किनने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायची पद्धत सुरू केली. १९०३ मध्ये भारतातल्या लष्करी वैद्यकीय सेवेतल्या नेसफील्डने पिण्याच्या पाण्यासाठी दाबाखाली साठवलेला क्लोरीन वायू सुचवला. तिकडे १८९३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रूस्टर गावात आणि १८९४ मध्ये इंग्लंडच्या वर्दिंगमध्ये खाऱ्या पाण्यातून वीज सोडून तयार केलेलं द्रावण सांडपाण्यावर वापरून पाहिलं गेलं. म्हणजे सॉल्ट क्लोरिनेटरची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ती तेव्हा मागे पडली, कारण पट्ट्या झिजायच्या आणि ब्लीचिंग पावडर स्वस्त होती. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने अख्ख्या शहराच्या पाण्याला रोज क्लोरीन द्यायला सुरुवात केली, तीही पावडरीनेच.

पट्ट्यांचा प्रश्न १९६० च्या दशकात हेन्री बीअरने सोडवला. टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर दिला की क्लोरीनच्या माऱ्यातही ती पट्टी वर्षानुवर्षं टिकते. त्यानंतर हे यंत्र घराच्या मागच्या अंगणात येऊ शकलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ते रुजलं, तिथून जगभर पसरलं.

टँकवर यंत्र बसतं

कोल्हापूर हे पोहणाऱ्यांचं गाव. पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारत पिढ्या शिकल्या. इथल्याच वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई खेळांत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक आणलं. आशियाई खेळांत पोहण्याचं पदक भारताला तब्बल २४ वर्षांनी मिळालं होतं. आता पन्हाळ्याच्या आसपास फार्महाउस आणि रिसॉर्ट झाले, त्यांच्याबरोबर छोटे टँक आले. 'आमच्याकडे सॉल्ट वॉटर पूल आहे, क्लोरीन नाही' असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे हे आता तुम्हाला कळेल. क्लोरीन आहेच. फक्त तो डब्यातून न येता पाण्यातच तयार होतो.

हिशोब करून बघा. एक लाख लिटरचा टँक, लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ. म्हणजे ३५० किलो, ५० किलोच्या सात गोण्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, हे त्याच्या दहावा हिस्सा. जिभेला जेमतेम कळतं. त्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला १०० ग्रॅम लागतो. तासाला २० ग्रॅम तयार करणारं यंत्र त्यासाठी पाच तास चालावं लागतं. विकत घेताना लिटरचा आकडा आणि ग्रॅमचा आकडा असा शेजारी मांडला की विक्रेत्याची अर्धी गोष्ट तिथेच संपते.

यंत्राची पेटी भिंतीवर बसते आणि पट्ट्यांची नळकांडी पाइपात. नळकांडीची जागा पंप आणि फिल्टरच्या पुढे, टँककडे परतणाऱ्या वाटेवर सगळ्यात शेवटी असते. म्हणजे गाळलेलं पाणीच पट्ट्यांवरून जातं आणि तयार झालेला क्लोरीन मागच्या यंत्रांना खात नाही. पाणी वाहत नसताना वीज चालू राहिली तर नळकांडीत हायड्रोजन साठतो आणि तो पेट घेऊ शकतो. म्हणून प्रवाह थांबला की वीज तोडणारा स्विच असतो. तो कधीच बायपास करायचा नाही. टँक नवा असेल तर सिमेंटचं प्लास्टर मुरायला महिनाभर द्यायचा, मगच मीठ. मीठ टाकताना पंप चालू, यंत्र बंद. विरघळून सगळीकडे मिसळायला एक दिवस द्यायचा.

मीठही कुठलंही नाही. जेवणातल्या मिठात आयोडीन असतं, शिवाय ते मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ असतात. खडेमिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते पट्ट्यांवर पांढरी पुटं धरतं. शुद्ध, आयोडीन नसलेलं मीठ लागतं.

मग रोजची राखण. पाण्यातला मोकळा क्लोरीन एक ते तीन मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.६. या पद्धतीत पीएच सतत वर सरकतो, आणि तो चढला की क्लोरीन असूनही दुबळा पडतो. म्हणून अधूनमधून सौम्य आम्ल द्यावं लागतं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर एकमेकांजवळ ठेवायचीसुद्धा नाहीत, कारण दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू सुटतो. उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातो, म्हणून उघड्या टँकात सायन्युरिक आम्ल लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात. जास्त झालं तर तेच क्लोरीनला बांधून टाकतं.

पन्हाळ्याचा पाऊस हा वेगळाच हिशोब. आषाढात टँक भरून वाहतो, वाहताना खारं पाणी जातं आणि त्या जागी पावसाचं गोडं पाणी येतं. यंत्र 'मीठ कमी' असं ओरडतं. तेव्हा अंदाजाने गोणी रिकामी न करता आधी पाणी तपासायचं. थंडीत पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की क्लोरीन कमी तयार होतो. वीज गेली तर तयारच होत नाही. म्हणजे एकाच झऱ्यावर निश्चिंत राहू नका, हा अमात्यांचा सल्ला इथेही लागू पडतो. तपासणीचा संच आणि थोडं राखीव द्रावण हाताशी हवंच.

खाली राहणारी माणसं

मीठ या प्रवासात संपत नाही. क्लोरीन आपलं काम करून पुन्हा क्लोराइड होतो, म्हणजे पुन्हा मिठाचा भाग. फेरा चालू राहतो. ही त्याची मोठी गंमत आहे आणि मोठी जबाबदारीही. टँक रिकामा करायची वेळ आली की ते ३५० किलो मीठ कुठेतरी जाणार. पन्हाळ्याच्या उताराला सोडलं तर ते खालच्या शेतात, खालच्या विहिरीत उतरेल. एकेकाळी गडावरच्या माणसाला भीती होती की खालून कुणी येऊन आपलं पाणी नासवेल. आज खालच्या माणसाला तीच भीती वरच्याची वाटावी, अशी वेळ येऊ नये. म्हणून टँक बांधण्याआधीच त्याचं पाणी शेवटी कुठे जाणार हे ठरवायला हवं.

आणि त्या खालच्या गावांत आजही एक पहारेकरी आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. त्याच्याकडे टायटॅनियमच्या पट्ट्या नाहीत, टीसीएल पावडरची पिशवी आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम असा हिशोब करून तो बादलीत पावडर कालवतो, गाळ बसू देतो, वरची निवळी टाकीत सोडतो. मग नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघतो. पावसाळी दमटपणात पिशवी उघडी राहिली की पावडरीचा दम जातो, आणि साथ तर पावसाळ्यातच येते. आरोग्य विभाग गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो ते अशाच गोष्टी पाहून. जिथल्या तिथे मिठातून क्लोरीन करणारं छोटं यंत्र खरं तर त्या टाकीवर हवं. सुट्टीच्या टँकवर ते आधी पोचलं, एवढंच.

पुढच्या वेळी अंधार बावेत उतराल तेव्हा टॉर्च क्षणभर बंद करून बघा. त्या अंधारात कुणीतरी रात्रभर जागं राहायचं, कारण सकाळी सगळा गड ते पाणी पिणार होता. आज तुम्ही नळाखाली ग्लास धरता तेव्हाही कुणीतरी पहाटे उठून टाकीवर गेलेलं असतं. त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. बावेवरच्या पहारेकऱ्याचं तरी कुठे माहीत आहे?