बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे नवजात अर्भक व बाळंतीण यांच्यासाठी नात्यातील स्त्रियांनी तयार केलेल्या कपड्यांचा व उपयोगी वस्तूंचा संच होय. महाराष्ट्रात तो मुख्यतः बाळंतिणीच्या माहेरून दिला जातो आणि बहुधा बारशाच्या वेळी तिच्या स्वाधीन केला जातो. अंगडे, टोपडे, झबली, कुंची, लंगोट, दुपटी, लहान गोधडी आणि लोकरीचे मोजे, टोपी व स्वेटर हे त्याचे प्रमुख घटक होत. हे कपडे घरी शिवण्या-विणण्याची परंपरा हौसेपुरती मर्यादित नाही. अर्भकाला ऊब देणे, त्याच्या नाजूक त्वचेला जपणे आणि जुन्या कापडाचा पुनर्वापर करणे या तिन्ही गरजा तिच्यातून भागत आल्या आहेत.

नाव व स्वरूप

‘विडा’ या शब्दाचा मूळ अर्थ पानसुपारीचा विडा. मंगल प्रसंगी विडा देऊन मान करण्याची रीत असल्यामुळे सन्मानपूर्वक दिलेल्या भेटीलाही तो शब्द लागला. बाळंतविड्यात बाळाच्या कपड्यांखेरीज बाळंतिणीसाठी लुगडे किंवा साडी व खण, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, बाळंतशेपा, ओवा आणि ऐपतीप्रमाणे बाळासाठी चांदीचे वाळे असतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने शिवणकामाचा भार आजी, आत्या, मावशी व मामी यांच्यावर पडे.

प्रमुख कपडे

अंगडे हे पुढून उघडे, बाह्यांचे आणि बंदांनी बांधायचे वस्त्र आहे. नवजात बाळाची मान सावरलेली नसते, त्यामुळे डोक्यावरून घालायचा कपडा त्याला चढवणे कठीण जाते. पुढून उघडे अंगडे पसरून त्यावर बाळाला निजवता येते व मग एकेक हात बाहीत सरकवता येतो. बटण टोचण्याचा किंवा तुटून तोंडात जाण्याचा धोका नको म्हणून बंद लावतात. बाळाची वाढ होईल तसे ते सैल करता येतात, ही आणखी एक सोय.

झबले हे सैल, आखूड बाह्यांचे किंवा बिनबाह्यांचे असते. त्याला घेर ठेवतात आणि खालची दुमड रुंद घेतात, म्हणजे पुढे ती उसवून लांबी वाढवता येते. पहिल्या संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या बोरन्हाणासाठी काळ्या कापडाचे झबले शिवतात व त्यावर हलव्याचे दागिने घालतात.

टोपडे कापडाच्या पाकळ्या जोडून शिवतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. टोपडे त्याहून किंचित सैल ठेवतात.

कुंची हे या संचातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वस्त्र. ती डोक्यापासून पाठीवरून खाली उतरते. आयताकृती कापड मधोमध दुमडून डोक्यामागील कड शिवली की वरचा भाग टोपीसारखा बसतो आणि उरलेले कापड पाठ व खांदे झाकते. नेहमीच्या वापराची कुंची सुती असते. बारशाची कुंची खणाची, रेशमाची किंवा मखमलीची करून तिला जर, लेस वा मोती लावतात. मात्र आतून मऊ सुती अस्तर असावे लागते, कारण जरीची कड बाळाच्या गालाला खरचटते.

लंगोट व दुपटी सर्वांत जास्त संख्येने लागतात. बाळ दिवसातून सहा-आठ वेळा किंवा त्याहून अधिक वेळा ओले करते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून दीड-दोन डझन लंगोटही कमी पडतात. दुपटे दोन पदरी असते. बाळाला गुंडाळण्यासाठी, खाली अंथरण्यासाठी व वर पांघरण्यासाठी ते वापरतात.

कापड व शिवण

लंगोट, दुपटी आणि गोधडी यांसाठी जुनी धोतरे व नऊवारी लुगडी वापरत. वारंवार धुतल्याने सुती कापडातील खळ निघून जाते, धागा मऊ होतो आणि कापड पाणी चांगले शोषते. नवे कापड घ्यायचे झाल्यास मलमल किंवा तलम सुती कापड निवडतात व बेतण्यापूर्वी ते धुऊन आटवून घेतात.

बाळाच्या कपड्याची कच्ची कड त्वचेला काचते. म्हणून आधी एक टीप घालून, कडा आत दुमडून दुसरी टीप घालतात. गळ्याला व बाह्यांना उरेबी कापडाची, म्हणजे तिरप्या कापाची, पट्टी लावतात. ती ताणली जात असल्याने वळणावर सुरकुती न पडता बसते. गोधडीसाठी कापडाचे थर एकावर एक पसरून कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जातात. टाके जवळजवळ घातले की धुताना थर आत गोळा होत नाहीत.

शिवणयंत्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आले. मात्र मध्यमवर्गीय घरांत ते सावकाश पोहोचले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकामाचे शिक्षण दिले. १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले. पुढे घरच्या यंत्रावर शिवलेली झबली व हाताने शिवलेली गोधडी असा मेळ रूढ झाला.

लोकरीचे विणकाम

दोन सुयांवरचे विणकाम व क्रोशा ही कौशल्ये युरोपीय संपर्कातून भारतात रुजली. मिशनरी चालवीत असलेल्या मुलींच्या शाळांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे शालेय हस्तव्यवसाय आणि स्त्रियांच्या मासिकांतील नमुने यांमुळे ती मराठी घरांत पसरली. महाराष्ट्राचे हवामान बहुतांशी उष्ण असल्याने घरगुती विणकामात लहान मुलांच्या कपड्यांना विशेष स्थान मिळाले.

या विणकामाचा पाया दोनच टाक्यांवर आहे: सुलट व उलट. प्रत्येक ओळ सुलट विणली की जाड, ताणली जाणारी वीण मिळते. एक ओळ सुलट व एक ओळ उलट विणली की पुढची बाजू सपाट येते. एकाच ओळीत सुलट व उलट टाके आलटूनपालटून घेतल्यास उभ्या रेघांची लवचीक पट्टी तयार होते. ती मनगटाला व कमरेला घालतात. पायमोज्याच्या घोट्यावर दोन टाके एकत्र विणून व दोरा सुईवर घेऊन छिद्रांची एक ओळ काढतात आणि तिच्यातून नाडी ओवतात.

अस्सल लोकर गरम पाण्यात चोळून धुतल्यास आटते व घट्ट होते. ॲक्रिलिक धागा आटत नाही व स्वस्त असतो; पण तो घाम फारसा शोषत नाही आणि आगीजवळ वितळतो. यामुळे लोकरीच्या कपड्याखाली सुती झबले घालण्याची पद्धत आहे.

रूढी

अनेक घरांत बाळाच्या जन्मापूर्वी नवे कपडे शिवणे अशुभ मानले जाई. बालमृत्यू सर्रास घडत त्या काळातील भीती या समजुतीमागे दिसते. पहिले काही दिवस बाळाला घरातील जुन्या, धुतलेल्या कापडात गुंडाळत आणि नवी वस्त्रे बारशाला घालत. परिणामी जन्म व बारसे यांमधल्या दिवसांतच बरीचशी शिवण उरकावी लागे.

आरोग्यविषयक बाजू

नवजात बाळाच्या शरीराचे सामान्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असते. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने त्याची उष्णता लवकर निघून जाते आणि डोके मोठे असल्याने तेथूनही बरीच उष्णता जाते. कमी वजनाच्या बाळाला हा धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटना नवजात बाळाला मोठ्या माणसांपेक्षा कपड्यांचे एक-दोन थर अधिक घालण्याची व टोपी वापरण्याची शिफारस करते. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरण्याच्या ‘कांगारू’ पद्धतीतही बाळाच्या अंगावर टोपी, मोजे व लंगोट ठेवतात.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. हे यश जंतुसंसर्गावरील उपचारांसह संपूर्ण सेवेचे होते. बाळाला उबदार ठेवणे हा तिचा एक भाग होता. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवल्या जाणाऱ्या गृहभेटींच्या कार्यक्रमातही ऊब टिकवण्याचे शिक्षण दिले जाते.

घरगुती कपड्यांबाबत काही खबरदारी आवश्यक असते. मोज्याच्या आतील सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह थांबू शकतो; म्हणून मोजे उलटे करून धागे कापून टाकतात. झोपलेल्या बाळाच्या गळ्याशी कुंचीचा बंद किंवा लांब नाडी ठेवू नये. उकाड्यात लोकरीचे कपडे घातल्यास बाळाचे अंग अति तापते. जुने कापड साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावे.

सामाजिक बाजू

बाळंतविडा बारशाला तबकांत मांडून दाखवण्याची चाल आहे. त्यामुळे मायेच्या भेटीला प्रतिष्ठेचे रूप येऊन मुलीच्या माहेरावर खर्चाचा बोजा पडतो. मुलगा झाल्यास विडा थाटाचा आणि मुलगी झाल्यास साधा, असा भेदही काही ठिकाणी केला जाई. दुसरीकडे, जुन्या लुगड्याच्या दुपट्यांना पैसा लागत नसे. गरीब घरातील आजीलाही नातवंडाला काही देता येई. घरच्या स्त्रियांचे हे श्रम कोणत्याही हिशेबात धरले गेले नाहीत.

सद्यस्थिती

रुग्णालयातील प्रसूती, तयार कपडे आणि एकदाच वापरायचे लंगोट यांमुळे संपूर्ण बाळंतविडा घरी करणे कमी झाले आहे. नऊवारी सुती लुगड्यांचा रोजचा वापर घटल्याने मऊ जुने कापडही दुर्मीळ झाले. खणाच्या कुंच्या, टोपडी व गोधड्या आता महिला बचत गट आणि घरगुती व्यावसायिक शिवून विकतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईच्या सामानात मात्र दुपटी व टोपडी अजूनही आढळतात.

हे सुद्धा पहा

गोधडी
बारसे
बोरन्हाण
खण
विणकाम