ग्लायडर शर्यत : गुणपद्धतीचा वाद

ग्लायडर हे हवेच्या प्रवाहांच्या आधारे तरंगणारे विमान होय. जमीन तापली की उष्ण हवा वर चढते. त्या प्रवाहात घिरट्या घालून वैमानिक उंची मिळवतो आणि ती खर्च करीत पुढचे अंतर कापतो. नागपूरहून भिलाई-३ पर्यंत जाऊन परत येणे, म्हणजे सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटरचा पल्ला, चांगल्या हवेत एका दिवसात पार होऊ शकतो. पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे हा क्रीडाप्रकार महाराष्ट्राला परिचित आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९३७ मध्ये जर्मनीतील वासरकुप्पे येथे झाली.

हजार गुणांची पद्धत

स्पर्धेचे नियम आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाचा ग्लायडिंग आयोग ठरवतो. प्रचलित पद्धतीत दिवसाच्या विजेत्यास जास्तीत जास्त १००० गुण मिळतात. पल्ला पूर्ण करणाऱ्यांना अंतर व वेग या दोन्हींचे, तर वाटेत शेतात उतरावे लागलेल्यांना केवळ अंतराचे गुण मिळतात. सर्व दिवसांची बेरीज करून अंतिम क्रम लागतो.

मागे राहण्याचा लाभ

प्रारंभरेषा खुली झाल्यावर केव्हा निघायचे हे वैमानिक स्वतः ठरवतो. वादाचे मूळ येथेच आहे. समजा, एक जण १ वाजता निघून ५ वाजता परतला. ५०० किलोमीटरसाठी त्याचा वेग ताशी १२५ किलोमीटर झाला. दुसरा दहा मिनिटे उशिरा निघाला, पुढच्याच्या घिरट्या पाहून प्रवाह कोठे आहे हे ओळखत गेला आणि त्याच्याबरोबरच पोहोचला. त्याचा वेग ताशी १३० किलोमीटर भरतो. वाट शोधणारा हरतो, मागून येणारा जिंकतो.

शिवाय एकदा शेतात उतरल्यास शेकडो गुण जातात. त्यामुळे अनेक जण घोळक्यातच राहणे पसंत करतात. एकाच प्रवाहात अनेक ग्लायडर फिरू लागले की टक्कर होण्याचा धोका वाढतो. म्हणून हा वाद केवळ न्यायाचा नाही, तर सुरक्षिततेचाही आहे.

सुचलेले उपाय

क्षेत्र-पल्ल्यात ठरावीक वळणबिंदूंऐवजी विस्तृत क्षेत्रे दिली जातात आणि कोठून वळायचे हे वैमानिक ठरवतो. त्यामुळे घोळका पांगतो. मात्र कोण आघाडीवर आहे हे प्रेक्षकांना कळत नाही, अशी टीका होते.

फ्रान्समधील सेंट ओबान येथे २००५ मध्ये झालेल्या पहिल्या जागतिक ग्रां प्रीमध्ये सर्वांना एकाच वेळी सोडून, प्रथम पोहोचणाऱ्यास विजयी ठरवण्यात आले. यात उशिरा निघण्याचा लाभ संपतो. परंतु काही सेकंदांच्या फरकानेही क्रम, आणि क्रमानुसार मिळणारे गुण बदलतात.

तिसऱ्या पद्धतीत वैमानिक उड्डाणनोंदणी यंत्राचे बटण दाबतो. ठरावीक अवधीनंतर केवळ त्याच्यासाठी प्रारंभाची मर्यादित वेळ सुरू होते. बटण मोजक्याच वेळा दाबता येत असल्याने इतरांची वाट पाहत राहणे कठीण होते.

यांपैकी कोणताही उपाय सर्वमान्य झालेला नाही. घोळक्यात राहिल्याने गुण वाचतात तोवर वैमानिक तेथेच राहतील. म्हणूनच आकाशातील सुरक्षितता बरीचशी जमिनीवरील गुणपत्रिकेत ठरते.