जात्यापासून मेटलपर्यंत : आवाज कुणाचा, शब्द कुणाचे? (थ्रेड)

१/ ११ एप्रिल २०२५ रोजी नेदरलँड्समधील ‘एपिका’ या बँडचा ‘अस्पायरल’ हा नववा स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या सुट्टीत मी गावी, नाणे मावळातल्या वडिवळ्याला गेले होते. पडवीत बसून ऐकत असताना आजीने ‘काय ऐकतीस?’ म्हणून विचारले, तेव्हा हेडफोन तिच्या कानाला लावला. दोनेक मिनिटे तिने मन लावून ऐकले आणि विचारले, “बाईचा आवाज लई मोठा हाय. पर गाणं तिनंच जुळवलंय का गं?”

२/ त्या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही. परत आल्यावर तो प्रश्न घेऊन मी आपल्याकडचा इतिहास पुन्हा चाळला. मोठ्या वाद्यमेळासमोर उभा राहिलेला स्त्रीचा कंठ महाराष्ट्राला नवा आहे का? आणि ज्या गाण्यात तो कंठ ऐकू येतो, त्या गाण्याची मालकी कुणाची असते? हा थ्रेड त्या शोधाचा आहे.

३/ आधी संगीताविषयी थोडे. ‘सिम्फनिक मेटल’ म्हणजे जड, खरखरीत विजेच्या गिटारी आणि वेगवान ड्रम यांच्या जोडीला पाश्चात्त्य सिम्फनीचा वाद्यवृंद, समूहगान आणि बहुधा ऑपेराच्या पद्धतीने तयार केलेला स्त्रीस्वर. १९९६च्या सुमारास युरोपात हा प्रकार आकाराला आला. फिनलंडचा ‘नाइटविश’ आणि नेदरलँड्सचा ‘विदिन टेम्प्टेशन’ हे दोन्ही बँड त्याच वर्षीचे. एपिकाची गायिका सिमोन सिमन्स २००२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी बँडमध्ये आली. तिच्या स्वच्छ स्वराला उत्तर म्हणून बँडचा संस्थापक मार्क यान्सन घशातून गुरगुरतो. या दोन आवाजांच्या झुंजीवर त्यांची बरीच गाणी उभी आहेत.

४/ ऑपेराचा गायक माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावर मात कशी करतो? वाद्यवृंदाची सर्वाधिक ध्वनिऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते. पुढे ती उतरत जाते. तयार गळा ३,००० हर्ट्झच्या आसपास एक जादा झळाळी निर्माण करतो. तिथे वाद्यांची गर्दी कमी असल्यामुळे आवाज त्या फटीतून श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी याचा सखोल अभ्यास केला. फार उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोंची युक्ती थोडी निराळी असते : त्या तोंडाची ठेवण बदलून स्वराचा घुमारा वाढवतात. मेटलच्या गिटारी मात्र ही फटही भरून काढतात. म्हणून तिथे माइकला पर्याय नाही.

५/ आता मावळात येऊ. कामशेतहून लोणावळ्याकडे निघालो की पुढचे स्थानक मळवली. तिथून भाज्याची लेणी चालण्याच्या अंतरावर आहेत. तिथल्या विहारातील एका शिल्पपटात एक स्त्री उभट तालवाद्ये वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. हे काम साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले मानले जाते. एका शिल्पावरून त्या काळच्या स्त्रियांच्या स्थितीविषयी मोठे निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. पण वाद्य आणि स्त्री यांची जोडी इथल्या कातळात दोन हजार वर्षांहून अधिक काळ कोरलेली आहे, एवढे निश्चित.

६/ त्याच मावळात दुसरा एक ‘जड’ साज घरोघरी होता : जाते. पहाटेच्या अंधारात दगडावर दगड फिरतो, त्याची एकसुरी घरघर सुरू होते आणि तिच्यावर ओवी चढते. आजी सांगते, की जात्याचा आवाज मोठा असल्यामुळे आपलाही मोठा लावावा लागे. पाहुणे घरी असले की मात्र ती गात नसे. खुंटा हाती असेपर्यंत मोकळी असलेली तिची जीभ माजघराचा उंबरा ओलांडला की गप्प होई.

७/ पुण्यातील ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेचे गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांतून आणि पुढे महाराष्ट्रभरातून या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ तो क्रमाक्रमाने प्रसिद्ध करत आहे. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही दिलेले असते.

८/ हे नाव महत्त्वाचे आहे. ओवी परंपरेने आलेली असली, तरी गाणारी तीत आपल्या भावाचे, लेकीचे, गावाचे नाव घालते, ओळ फिरवते, नवी ओळ जोडते. तिथे गाणारी आणि रचणारी वेगळी काढता येत नाही. आजीचा प्रश्न या जगातून आलेला होता. आवाज बाईचा असेल तर शब्दही तिचेच असणार, नाही तर विचारले पाहिजे, असा तिचा हिशेब.

९/ रंगभूमीवर मात हा हिशेब पार उलटला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे पर्व सुरू झाले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. शकुंतला गाते, सुभद्रा गाते, रुक्मिणी गाते. नाटकांचा प्राणच नायिकेच्या पदांत. पण गाणारा गळा पुरुषाचा. आधी भाऊराव कोल्हटकर, पुढे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

१०/ कारण उघड होते. चारचौघांत गाणारी स्त्री म्हणजे नायकीण, कलावंतीण, असे समाजाने ठरवून टाकले होते. ज्या घराण्यांतील स्त्रियांनी गाणे पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांनाच ‘घरंदाज’ या शब्दाबाहेर ठेवले गेले. आणि घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रियांचे गाणे देवघर-माजघरापलीकडे जाऊ दिले नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही निघाल्या होत्या, पण प्रतिष्ठेच्या रंगमंचाचे दार बंदच होते.

११/ बालगंधर्वांची थोरवी याने कमी होत नाही. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘गंधर्व नाटक मंडळी’त तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ होती. ऑर्गनचा भरदार सूर, थिएटरात ध्वनिवर्धक नाही आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा गळा. तो काळ ऐकलेल्यांनी त्याचे वेड आयुष्यभर जपले. पण हेही लक्षात ठेवू, की जवळजवळ अर्धे शतक मराठी नायिकेचा आवाज मराठी स्त्रीचा नव्हता.

१२/ पडद्यावर चित्र आधी बदलू लागले. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, मात्र त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये फाळक्यांनी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना घेतले. गंमत अशी, की ते चित्रपट मूक होते. स्त्री दिसू लागली, पण आवाजाविना.

१३/ आवाज घेऊन आल्या त्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९). अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही कन्या. तिकीट लावून झालेल्या जाहीर मैफिलीत स्थिर बैठक मारून, हातवारे वा अदा न करता त्या ख्याल गात. आज हे साधे वाटते. त्या काळी ती भूमिका होती. १९३०च्या सुमारास भावंडांच्या साथीने त्यांनी ‘नूतन संगीत विद्यालया’ची नाट्यशाखा उभारली आणि ‘सौभद्र’मध्ये स्वतः सुभद्रा झाल्या. इथे गळा स्त्रीचा होताच, शिवाय संस्थाही तिची होती. बोलपटांच्या लाटेत ती नाट्यशाखा टिकली नाही, पण वाट पडली.

१४/ १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक होत्या. नाटकाचे संगीत केशवराव भोळे यांचे. हेच केशवराव पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये चित्रपटसंगीतात पियानो, व्हायोलिन, हवाइयन गिटार वापरत होते. १९३७च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी लाँगफेलोची एक इंग्रजी कविता चक्क गाऊन दाखवली. जरठ-कुमारी विवाह झुगारणाऱ्या नायिकेच्या तोंडी ती होती. पाश्चात्त्य साज आणि मराठी स्त्रीचा बंडखोर सूर यांची गाठ आपल्याकडे अशी नव्वद वर्षांपूर्वी पडली.

१५/ आता या कथेतील माझा सर्वांत आवडता प्रसंग. साल १९५८, मुंबईतील सेंट झेवियर महाविद्यालयाचे प्रांगण. गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला होता. सुमारे ११० वादक आणि एकल गायक म्हणून लता मंगेशकर व मन्ना डे. रागसंगीत पूर्ण सिम्फनीच्या भाषेत बोलू शकते का, हा त्यांचा ध्यास.

१६/ हे अवघड का? आपल्या गाण्यात सारंगी वा पेटी गळ्याची सावली बनून चालते. तानपुरा एकच आधारस्वर धरून ठेवतो. सिम्फनीत प्रत्येक वाद्यगटाला स्वतंत्र ओळ असते आणि अनेक स्वर एकाच वेळी एकमेकांवर रचले जातात. रागाला मात्र परका स्वर खपत नाही. चुकीच्या जागी एक जादा स्वर लागला, की सारंगाचा सारंग राहत नाही. गोन्साल्विस यांनी ही कसरत कागदावर, स्वरलिपीत मांडली. पुढे १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि चित्रपटसृष्टीत परतले नाहीत. बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यामुळे; ते नाव म्हणजे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी वाहिलेली गुरुदक्षिणा.

१७/ आणि त्या मंचावरील गायिका? १९४९च्या ‘महल’मधील गाण्याने लताबाई देशभर पोहोचल्या, तेव्हा तबकडीवर नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे. आवाज घराघरांत, नाव कुठेच नाही. पुढे १९६०च्या दशकात त्यांनी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या चित्रपटांना संगीत दिले, ते ‘आनंदघन’ या टोपणनावाने. त्यामागची कारणे त्यांची स्वतःची असतील. पण श्रोत्यांना बाईचा गळा सवयीचा होता, बाईची चाल नव्हती, हे मला त्या नावाआड दिसते.

१८/ झेवियरच्या अगदी शेजारी, धोबी तलावाला ‘रंगभवन’ हे खुले नाट्यगृह आहे. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने मुंबईच्या रॉक-मेटल पिढ्या तिथे घडवल्या. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथला आवाज थांबला. याच शहरात २००० साली साहिल मखिजा यांनी ‘डिमॉनिक रिझरेक्शन’ हा सिम्फनिक बाजाचा मेटल बँड सुरू केला. २०१७च्या ‘दशावतार’ या अल्बममध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर दहा गाणी आहेत आणि गिटारींच्या सोबतीला सतार-तबलाही. मुख्य स्वर मात्र पुरुषाचा.

१९/ ऑपेराचा स्त्रीस्वरही मुंबईला परका नाही. १९९३ पासून बंद असलेले रॉयल ऑपेरा हाउस ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तिथे मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायल्या. म्हणजे मेटल आहे, वाद्यवृंद आहे, तयार स्त्रीकंठही आहे. ते एकत्र आणणारा मराठी अल्बम कुणी करावा, ही माझी हौस. पण आता माझी एक अटही आहे.

२०/ ती अट समजायला पुन्हा युरोपात जाऊ. ऑक्टोबर २००५ मध्ये नाइटविशने आपली गायिका तार्या टुरुनेन हिला हेलसिंकीच्या मोठ्या कार्यक्रमानंतर खुल्या पत्राने बँडमधून काढले. गाणी प्रामुख्याने कीबोर्डवादक तुओमास होलोपाइनन यांची होती. ज्या आवाजाने बँड ओळखला जाई, तो बदलता येतो, असे त्या पत्राने दाखवून दिले. दोन्ही बाजूंची बाजू असेलही. पण लेखणी ज्याच्या हाती, बँड त्याचा राहिला.

२१/ एपिकात स्थिती थोडी निराळी आहे. सिमोन सिमन्स मार्क यान्सनसोबत गाण्यांचे शब्दही लिहिते. चाली आणि वाद्यरचना बँडमधील अनेकांच्या. म्हणून मी आजीला फोन करून उत्तर कळवले : “शब्द थोडे तिचे, थोडे दुसऱ्याचे.” ती म्हणाली, “मंग निम्मं गाणं तिचं.”

२२/ म्हणून अट एवढीच : मराठी सिम्फनिक मेटल जेव्हा येईल, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या बाईला केवळ आवाज म्हणून बोलावू नका. तिच्या हाती लेखणीही असू द्या. हे काही आयात केलेले मागणे नाही. मावळात जात्यावर ते रोज पहाटे पाळले जात होते.

२३/ एक विनंती. तुमच्या घरी ओव्या येणारी आजी, मावशी, आत्या असेल, तर या सुट्टीत त्या ध्वनिमुद्रित करा. वर तिचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा. ‘पारंपरिक’ एवढे लिहून थांबू नका. माझ्या आजीच्या चौदा ओव्या झाल्या आहेत. पंधरावी म्हणायला ती तयार नाही. म्हणते, जाते आणून दे, मग म्हणते. पुढच्या सुट्टीत माळ्यावरचे जाते खाली उतरवायचे आहे.

(थ्रेड समाप्त. तपशिलात चूक आढळल्यास जरूर कळवा.)