पिकअप उभी केली की इंजिन आपोआप बंद पडतं? वायर काढण्याआधी हे वाचा

ईट (ता. भूम) / वार्ताहर : ईट परिसरात पिकअपला रोजच काम असतं. पहाटे दुधाचे कॅन, नंतर खवा, हंगामात कांदा-सोयाबीन घेऊन भूम नाहीतर बार्शीचा बाजार. नव्या गाड्यांपैकी काहींत गाडी उभी करून न्यूट्रल केली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू होतं. बऱ्याच चालकांना वाटतं गाडीत बिघाड झाला. कुणी वायरिंगवाल्याकडे जाऊन "हे कायमचं काढून टाका" म्हणतं. ही सोय बंद करता येते, पण कशी करायची याला पद्धत आहे.

ही सोय नेमकी काय आहे?

हिला ऑटो स्टार्ट-स्टॉप म्हणतात. महिंद्राच्या बोलेरो, स्कॉर्पिओ या गाड्यांत ती 'मायक्रो हायब्रीड' या नावानं आली. नावात हायब्रीड असलं तरी गाडी बॅटरीवर चालत नाही. उभ्या गाडीचं इंजिन बंद करून डिझेल वाचवायचं, एवढंच तिचं काम. प्रत्येक पिकअपला ही सोय नसते. एकाच कंपनीच्या एका मॉडेलला असते, दुसऱ्याला नसते. आपल्या गाडीला आहे का, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत बघावं.

इंजिन बंद करण्याआधी गाडीतला कॉम्प्युटर काही गोष्टी तपासतो. गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला, इंजिन गरम झालेलं आणि बॅटरी पुरेशी चार्ज, असं सगळं जुळलं तरच इंजिन बंद होतं. काही गाड्यांत दरवाजा आणि सीटबेल्टही बघितला जातो.

डिझेल किती वाचतं?

पिकअपचं डिझेल इंजिन नुसतं उभ्यानं चालू राहिलं तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल खातं. दिवसात अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे वीस थांबे झाले तर ती एकूण दहा मिनिटं होतात. म्हणजे 80 ते 165 मिली डिझेल, पैशात बघितलं तर दहा-पंधरा रुपये. पुण्या-मुंबईच्या सिग्नलला हा हिशेब मोठा होतो. आपल्याकडं सिग्नल कमी. आपलं डिझेल जातं ते संकलन केंद्रावर नंबर लागेपर्यंत आणि आडतीवर माल उतरेपर्यंत गाडी चालू ठेवल्यानं. तिथं स्वतः चावी फिरवून गाडी बंद केली तर यापेक्षा जास्त बचत होते.

बंद करायची योग्य पद्धत

1. डॅशबोर्डवर बटण शोधा. त्यावर बहुतेक वेळा गोल बाण आणि आत इंग्रजी 'ए' अक्षर असतं, नाहीतर नाव लिहिलेलं असतं.
2. इंजिन सुरू झाल्यावर बटण दाबा. बटणावर किंवा मीटरवर दिवा लागतो, सोय बंद झाल्याची ती खूण.
3. बहुतेक गाड्यांत चावी बंद करून पुन्हा लावली की सोय परत चालू होते. म्हणून पट्टा लावायच्या सवयीसारखी बटण दाबायची सवय लावावी.
4. बटण सापडत नसेल तर पुस्तिका बघा, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

थांबा दोन-चार सेकंदांचाच असेल तर क्लच दाबून ठेवला तरी इंजिन बंद होत नाही. मात्र ही कायमची सवय नको. पाय सतत क्लचवर राहिला तर क्लचचं बेअरिंग आणि प्लेट लवकर जाते, आणि तो खर्च वाचलेल्या डिझेलच्या कितीतरी पट असतो.

बटण कधी दाबावं?

घाट चढून माल भरलेली गाडी थांबते तेव्हा टर्बो चांगलाच तापलेला असतो. इंजिन लगेच बंद झालं तर टर्बोकडं जाणारं ऑइल थांबतं. अशा वेळी सोय बंद ठेवून इंजिन मिनिटभर चालू द्यावं आणि मग चावी फिरवावी.

चढावर भरलेली गाडी थांबवायची असेल तेव्हाही बटण दाबलेलं बरं. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. चढावर हँडब्रेक ओढायचाच, इंजिन चालू असो की बंद.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो मधूनमधून स्वतःची काजळी जाळतो. फिल्टरचा दिवा लागला असेल तर इंजिन वारंवार बंद करू नये. सलग काही किलोमीटर गाडी चालवावी. पाच-पाच मिनिटांवर थांबणाऱ्या दुधाच्या गाड्यांनी याकडं जास्त लक्ष द्यावं.

वायर का काढू नये?

काही जण बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरच्या छोट्या सेन्सरचा प्लग काढून टाकतात. सोय बंद पडते खरी, पण तोच सेन्सर बॅटरीत चार्ज किती आहे हे कॉम्प्युटरला सांगत असतो. तो काढला की चार्जिंगचा अंदाज चुकतो, मीटरवर दिवा लागतो आणि नवी महाग बॅटरी वेळेआधी बसते. कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बाहेर बदलून घेतलं तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीनं दिलेलं बटण दाबणं हा बदल नाही.

सोय आपोआपच बंद झाली तर?

"पूर्वी इंजिन बंद व्हायचं, आता होत नाही, बरं झालं" असं म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा हा बॅटरी थकल्याचा पहिला इशारा असतो. चार्ज कमी पडला की कॉम्प्युटर स्वतःच ही सोय थांबवतो. वेळीच बॅटरी तपासली तर पहाटे भरल्या गाडीला धक्का मारायची पाळी येत नाही.

बॅटरीबाबत एवढं पाळा :

- या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. वारंवार सेल मारणं सोसायला ती बनवलेली असते. स्वस्त म्हणून साधी बसवली तर ती लवकर बसते.
- बॅटरी बदलल्यावर काही मॉडेलांत सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते.
- दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करताना काळा चिमटा आपल्या गाडीच्या निगेटिव्ह टोकावर लावू नका. इंजिनच्या किंवा चेसिसच्या उघड्या लोखंडी भागाला लावा, म्हणजे सेन्सर वाचतो.
- जादा एलईडी, डेक, अ‍ॅम्प्लिफायर यांची अर्थिंग थेट बॅटरीवरून घेऊ नका. तो खर्च सेन्सरला दिसत नाही.

या दोन गोष्टी टाळाच

आपोआप बंद झालेलं इंजिन आपोआप सुरूही होऊ शकतं. बोनेट उघडायचं असेल, पट्ट्याला हात लावायचा असेल किंवा लहान मूल केबिनमध्ये सोडून उतरायचं असेल तर चावी काढूनच. इंजिनचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, असं धरून चालू नका.

दुसरं, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय बालाघाटातल्या उतारांवर जिवावर बेतू शकते. इंजिनचा ब्रेक मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय त्यात बचतही नाही. आजच्या डिझेल इंजिनात गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलेटर सोडला की डिझेल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

गाडी भाड्यानं चालवायला दुसऱ्याच्या हातात देत असाल तर हे बटण कुठं आहे आणि कधी दाबायचं, एवढं त्या चालकाला आधी दाखवून द्या.