छायाचित्रामागचा खांदा

आमच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात चाळीसेक व्हीएचएस कॅसेटी आहेत. माझ्या थोरल्या भावानं, आम्ही त्याला भाई म्हणतो, १९८८ ते १९९९ या काळात तालुक्यातल्या लग्नांचं जे चित्रीकरण केलं, त्यातल्या या उरलेल्या मास्टर कॅसेटी. बऱ्याचशांना बुरशी लागली आहे. त्यांत कितीतरी घरांचे नवरानवरी आहेत, मामा-मावश्या आहेत, आता हयात नसलेले आजोबा आहेत. नाही तो फक्त भाई. तो कुठल्याच कॅसेटमध्ये नाही, कारण कॅमेरा त्याच्याच खांद्यावर होता.

त्या वेळी मी बी.ए. करत होतो आणि सुटीत भाईच्या मागं हॅलोजनचा दिवा धरायचो. दिव्यानं हात भाजायचा, पण माझं काम सोपं होतं. दिवा या हातातून त्या हातात घेता यायचा. भाईचा कॅमेरा, आतली कॅसेट आणि मागची बॅटरी मिळून साडेतीन-चार किलो भरायचे. चार किलो म्हणजे बाजाराची एक पिशवी, असं कुणी म्हणेल. पण पिशवी वाटेत खाली ठेवता येते. मंगलाष्टकं चालू असताना, नवरदेव कबूल म्हणत असताना किंवा मुलीची पाठवणी होत असताना कॅमेरा खाली ठेवता येत नाही. मुलीची आई रडत असते आणि कॅमेरेवाल्याचा उजवा खांदा आतून जळत असतो. त्यानं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, कारण छाती हलली की चित्र हलतं.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. नळ येण्याआधी त्यांनी गावात मशकीनं पाणी घातलं होतं. एका रात्री भाई लग्नावरून आला आणि खांदा शेकत बसला. दादा बराच वेळ बघत राहिले. मग घरच्या दखनीत जे बोलले, ते मराठीत असं: "बाळा, वजन खांद्याला सांगू नको. खांदा चुगलखोर असतो, लगेच ओरडतो. वजन कमरेला सांग." मशकीचा पट्टा खांद्यावरून आडवा जायचा, पण पाण्यानं भरलेली मशक टेकायची कमरेच्या हाडावर. खांद्यानं फक्त तोल धरायचा, भार पायांनी न्यायचा.

तेव्हा आम्ही दोघं हसलो. पाण्याच्या मशकीचा आणि जपानी कॅमेऱ्याचा काय संबंध? पुढं छायाचित्रणाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळलं, की संबंध फार जवळचा आहे. तो सगळा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. हे ओझं कुणी न्यायचं?

१८६३ साली सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार हिंदुस्थानात आला. आधी तो नॉटिंगहॅमच्या एका बँकेत कारकून होता. सिमल्याहून त्यानं हिमालयात तीन मोहिमा काढल्या. त्या काळी चित्र मोठं करण्याची सोय हाताशी नव्हती. जेवढी काच तेवढंच चित्र. बारा इंच बाय दहा इंचांचं चित्र हवं, तर काचही तेवढीच आणि ती मावेल एवढा कॅमेरा. शिवाय पद्धत ओल्या कलोडियनची. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली आहे तोवर चित्र घ्यायचं आणि तिथंच ताबडतोब धुवायचं. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची भांडी आणि काचांच्या पेट्या आल्या. पहिल्याच मोहिमेत हे सगळं न्यायला तीसेक हमाल लागले. पुढच्या मोहिमांत त्यांची संख्या वाढत गेली. १८६६ साली मनिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, बोर्ननं चित्रं घेतली. इतक्या उंचीवरची चित्रं त्याआधी कुणी घेतली नव्हती.

ती चित्रं आजही पाहावीत अशी आहेत. बर्फाची धार कशी काचेसारखी लखलखते! पण बोर्ननं लंडनच्या एका छायाचित्रण-नियतकालिकात आपल्या प्रवासाचे लेख लिहिले, त्यांत दुसरीही बाजू येते. हमाल वाटेत ओझी टाकून पळून जात, लपून बसत आणि हा त्यांच्यावर काठी उगारत असे. हे त्यानं काही लपवून ठेवलेलं नाही. त्या काळच्या साहेबाला त्यात वावगं वाटलं नसावं. इतिहासात बोर्नचं नाव राहिलं. ज्यांच्या पाठीवरून ती काच खिंडीपर्यंत चढली, त्यांची नावं राहिली नाहीत.

त्या हमालांपाशी एक विद्या होती. हिमालयातला, विशेषतः नेपाळचा हमाल ओझ्याचा पट्टा कपाळावर घेतो, म्हणजे भार खांद्याऐवजी कण्यावरून खाली उतरतो. त्याच्या हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी असते. दम लागला की तो पाठीवरचं ओझं उतरवत नाही, त्या काठीवर टेकवतो आणि उभ्या उभ्याच विसावतो. आज क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेबाहेर बसलेले छायाचित्रकार भल्या मोठ्या लेन्सखाली एकच पाय लावून बसतात. त्याला मोनोपॉड म्हणतात. हमालाची काठी आणि हा मोनोपॉड यांत तत्त्वाचा काडीचाही फरक नाही. जंगलात जीपच्या दारावर लेन्स टेकवायला वाळूची किंवा धान्याची पिशवी वापरतात. आपल्याकडची बाई हंड्याखाली चुंबळ घेते, तीच ही.

मग कॅमेरा हलका कसा झाला? मला यात एक गंमत दिसते. ओझं दुसऱ्याच्या पाठीवर होतं, तोवर ते कमी करण्याची कुणाला फारशी घाई नव्हती. ज्यांना ते स्वतःला सोसेना, त्यांनी ते कमी केलं.

रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर. कलोडियनमधल्या ईथरच्या वाफांनी त्याची प्रकृती बिघडत होती. म्हणून त्यानं दुसरा मार्ग शोधला आणि १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. इतरांनी ती सुधारली. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली, चित्र घरी येऊन धुता येऊ लागलं. तंबू, बाटल्या आणि पाण्याची भांडी गेली. एका माणसाच्या श्वासापायी कितीतरी हमालांची पाठ मोकळी झाली!

जॉर्ज ईस्टमन अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा. तोही बोर्नसारखाच बँकेतला कारकून. १८७७ साली प्रवासाला जायचं म्हणून त्यानं ओल्या काचेचं सगळं सामान विकत घेतलं, तेव्हा लक्षात आलं, की हे तर एका घोड्याचं ओझं आहे. त्याचा तो प्रवास झालाच नाही. पण या सामानाचं काय करता येईल, या विचारानं त्याला पछाडलं. १८८८ साली त्याचा कोडॅक बाजारात आला. काच नाही, गुंडाळीची फिल्म, एका गुंडाळीवर शंभर चित्रं आणि डबा हातात मावेल एवढा.

तिसरा माणूस ऑस्कर बार्नाक. जर्मनीतला यंत्रकारागीर. याला छायाचित्रणाचं वेड आणि त्याच वेळी दम्याचा विकार. काचेचा कॅमेरा आणि तिपाई घेऊन डोंगर चढताना त्याची छाती भरून यायची. त्याच्या मनात आलं, लहान निगेटिव्ह घ्यावी आणि चित्र नंतर मोठं करावं. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात असताना त्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी लावली आणि १९१३-१४च्या सुमारास खिशात मावणारा कॅमेरा तयार केला. महायुद्धामुळं तो अडला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लायका या नावानं लोकांपुढं आला. विसाव्या शतकात रस्त्यावर, युद्धात, गर्दीत काढलेली किती चित्रं आपण पाहिली! ती काढता आली, याचं एक कारण दमेकऱ्याची ही गैरसोय होती.

आपल्याकडेही कॅमेरा स्वतः वाहणारी माणसं झाली. होमाई व्यारावाला नवसारीच्या पारशी घरातल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि १९४२ साली दिल्लीला गेल्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या दिल्लीभर फिरत. त्यांच्यापाशी स्पीड ग्राफिक होता, चार बाय पाच इंची फिल्मचा, दोन्ही हातांनी धरायचा भक्कम कॅमेरा. स्वातंत्र्याचे दिवस, गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटनचं प्रस्थान, सगळं त्यांनी टिपलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. चित्रात नेहरू दिसतात. सायकलवरून आणलेलं सामान दिसत नाही.

कॅमेरा हलका झाला, तरी लेन्स जडच राहिली. याला काचेचा हिशेब कारण आहे. दूरचं जवळ आणायचं आणि तेही कमी उजेडात, तर भिंग मोठं लागतं. ४०० मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र २.८चं. चारशेला २.८नं भागा. सुमारे १४३ मिलिमीटर येतात. म्हणजे पुढचं भिंग लहान ताटलीएवढं झालं. भिंगाचा व्यास दुप्पट केला आणि घडण तशीच ठेवली, तर वजन दुप्पट नाही, आठपट होतं. काचेशी हुज्जत घालता येत नाही.

पण तडजोड करता येते. कॅनन कंपनीची अशीच एक लेन्स १९९९ साली निघाली. ती जवळजवळ ५.४ किलोची होती. २०११ साली तिची नवी आवृत्ती आली, ती ३.८५ किलोची. २०१८ सालची आवृत्ती २.८४ किलोची. वीस वर्षांत वजन निम्म्यावर आलं. हलके धातू वापरले, आणि आणखी एक युक्ती केली. पुढच्या टोकाकडची जड भिंगं मागं, कॅमेऱ्याच्या दिशेनं सरकवली. भरलेली बादली हात लांब करून धरा आणि मग छातीशी धरा, म्हणजे या युक्तीचं मर्म कळेल. वजन किती, याइतकंच ते शरीरापासून किती लांब, हेही महत्त्वाचं.

सिनेमात हीच गोष्ट गॅरेट ब्राउन या अमेरिकन माणसानं केली. कॅमेरा हलू नये म्हणून तो शेकडो किलोंची गाडी रुळांवरून ढकलत होता. त्याला वैताग आला. १९७०च्या दशकात त्यानं स्टेडिकॅम शोधून काढला. अंगात घट्ट जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात, त्या हातावर कॅमेरा. १९७६च्या ‘रॉकी’मध्ये नायक पायऱ्या चढत धावतो, तेव्हा कॅमेराही त्याच्याबरोबर तरंगत जातो. हे सगळं जोखड वीस किलोंच्या पुढं सहज जातं. मग माणूस ते घेऊन धावतो कसा? कारण भार खांद्यावर नसतो. जाकीट तो कमरेवर उतरवतं, आणि कंबर पायांना देते.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि दादांना आठवलं. मशक घेऊन पहाटे निघणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही, एवढंच.

भाईनं दादांचं ऐकलं नाही. तशी सोयही तेव्हा आमच्या गावात नव्हती, आणि असती तरी परवडली नसती. १९९९च्या लग्नसराईत त्याचा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. सदऱ्याची बाही घालायला त्याला वहिनीची मदत लागू लागली. त्यानं कॅमेरा विकला आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. आज त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. शिंपी माप घेताना न विचारता दोन्ही खांदे वेगवेगळे मोजतो.

आता त्याचा मुलगा लग्नं करतो. कॅमेरा लहान, पण खाली गिंबल. दोन-अडीच किलो, आणि तेही हात पुढं करून धरायचे. मनगट धरतं, कोपर धरतं. परवा भाईनं त्याला कमरेला पट्टा बांधून दिला, त्यावर आधाराची दांडी बसवली आणि म्हणाला, "वजन कमरेला सांग." त्या मुलानं आपल्या पणजोबांना पाहिलेलं नाही. वाक्य मात्र त्याच्यापर्यंत पोचलं.

श्रोतेहो, लग्नात भाई नेहमी शेवटच्या पंगतीला जेवायचा. तोवर जिलबी संपलेली असायची. सकाळपासून उभा असलेला माणूस आणि त्याच्या मागं दिवा धरलेला पोरगा मांडव आवरणाऱ्यांबरोबर गार भात खायचे. तुमच्या घरी कार्य निघालं, तर एक करा. जेवणं सुरू झाली की कॅमेरेवाल्याला बोलवा, त्याच्या खांद्यावरचं ओझं टेबलावर ठेवायला लावा आणि त्याला पहिल्या पंगतीत बसवा. दहा मिनिटांचं चित्रीकरण कमी होईल. होऊ द्या. आणि जमलं, तर तो जेवत असताना त्याचा एक फोटो काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)